खेळातून शिकणं, घरी आणि वर्गात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरं साधारण ३ ते १० वर्षांच्या मुलांचे पालक, अंगणवाडी सेविका आणि प्राथमिक शिक्षक यांच्यासाठी आहेत. यातले बहुतेक खेळ पत्ते, फासे, काड्या आणि चिंचोके एवढ्यावर होतात.

खेळातून शिकणं म्हणजे नेमकं काय? अभ्यासात थोडी गंमत घालायची का?

नाही. एक साधी कसोटी लावा: मुलाला पुढची चाल करायला जे डोकं चालवावं लागतं, तेच ते शिकतं. बाकीची सगळी सजावट.

बाजारात मिळणारे पुष्कळ ‘शैक्षणिक’ खेळ या कसोटीला उतरत नाहीत. कार्ड उचला, त्यावरची बेरीज सोडवा, मग फासा टाका. इथे बेरीज म्हणजे टोलनाका आहे, मुलाचं लक्ष पलीकडच्या फाशावर असतं. दुसऱ्याच डावात ते विचारतं, “गणित नको ना, नुसतं खेळू या?” त्याचा तक्रारीचा सूर बरोबर असतो.

आता हा खेळ बघा. दोन फासे, प्रत्येकाला ११ चिंचोके आणि २ ते १२ आकडे एका ओळीत लिहिलेला कागद. आपापले ११ चिंचोके कोणत्याही आकड्यांवर, हवे तसे मांडायचे. एकाच आकड्यावर चार ठेवले तरी चालतील. मग फासे टाकायचे. जी बेरीज येईल त्या आकड्यावरचा एक चिंचोका प्रत्येकाने उचलायचा. ज्याचा कागद आधी रिकामा होईल तो जिंकला. पहिल्या डावात मुलं बहुधा प्रत्येक आकड्यावर एकेक चिंचोका ठेवतात आणि २ किंवा १२ ची वाट बघत अडकून पडतात. काही डावांनंतर चिंचोके ६, ७, ८ कडे सरकू लागतात. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी ७ ही बेरीज ६ वेळा येते, १२ फक्त एकदा. हे मुलाला आधी सांगू नका, त्याला ते हाताने सापडू द्या. वय ७ च्या पुढे.

सापशिडीने आकडे पक्के होतात म्हणे. आमचं मूल रोज खेळतं, तरी काही फरक नाही. असं का?

बहुतेक वेळा ते मोजण्याच्या पद्धतीवर अडतं. सोंगटी २७ वर आहे, फाशावर ४ आले. मूल सोंगटी पुढे टेकवत म्हणतं, “एक, दोन, तीन, चार.” सोंगटी बरोबर ३१ वर जाते, पण मुलाचा २७ शी किंवा ३१ शी संबंधच आला नाही. १ ते ६ मोजण्यापलीकडे त्याने काही केलं नाही. सोंगटी सरकवताना घरातले आकडे म्हणायला लावा: “अठ्ठावीस, एकोणतीस, तीस, एकतीस.” एवढ्या एका बदलाने खेळाचा कस बदलतो.

याला संशोधनाचाही आधार आहे. गीता रमाणी आणि रॉबर्ट सीगलर यांनी २००८ मध्ये अमेरिकेत कमी उत्पन्न गटातल्या बालवाडीच्या मुलांना १ ते १० आकड्यांच्या सरळ पटावर खेळवलं. दोन आठवड्यांत पाव-पाव तासाची चार सत्रं. मुलांची आकड्यांची जाण सुधारली आणि नऊ आठवड्यांनंतरही ती टिकून होती. दुसऱ्या गटाला तोच पट दिला, फक्त घरांत आकड्यांऐवजी रंग होते. त्या गटात ही सुधारणा दिसली नाही. पुढे २०१४ मध्ये एलिडा लास्की आणि सीगलर यांनी १०० पर्यंतच्या पटावर मोजण्याची पद्धत तपासली, तेव्हा घरातले आकडे म्हणत पुढे जाणाऱ्या मुलांनाच खरा फायदा झाला.

दुसरी अडचण पटाची. छापील सापशिडी नागमोडी असते: १ ते १० डावीकडून उजवीकडे, ११ ते २० उलट. लहान मूल वळणावर दिशा चुकतं आणि दशकांची रचना त्याला दिसत नाही. घरी पट आखताना प्रत्येक ओळ डावीकडूनच सुरू करा. मग ५, १५, २५, ३५ एका उभ्या रांगेत येतात आणि ‘दहा पुढे’ म्हणजे एक घर वर, हे डोळ्यांना दिसतं. अर्धा कार्डशीट, तीन सेंटीमीटरची घरं, जाड स्केचपेन, बस्स. चार-पाच वर्षांच्या मुलासाठी आधी १ ते २० ची एकच लांब पट्टी करा, साप दोन आणि शिड्या दोन.

हमखास होणारी आणखी एक चूक: मूल ज्या घरात उभं आहे तेच ‘एक’ धरतं आणि एक घर मागे राहतं. सोंगटी उचलून उडी मारायला सांगा. जागा सोडल्याशिवाय तोंडाने आकडा म्हणायचा नाही, हा नियम.

मराठी आकड्यांची एक खास अडचण १९, २९, ३९ ला येते. मूल ‘वीस नऊ’ म्हणतं किंवा थांबतं. त्यासाठी दोन शिड्यांचं वरचं टोक मुद्दाम २८ आणि ३८ वर आणा. शिडी चढल्यावर पुढच्या चालीत पहिला शब्द ‘एकोण’नेच सुरू करावा लागतो.

मूल पस्तीस सांगितलं की ५३ लिहितं. त्यावर खेळ आहे का?

आहे. मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो, त्यामुळे हा घोळ स्वाभाविक आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असं वाचन आलं, तेव्हा राज्यभर वाद झाला तोही यावरच. वाचनाची पद्धत कोणतीही ठेवा, मुलाच्या हाताला दशक कळलं पाहिजे.

त्यासाठी ‘शतक’ खेळा. दोघांत २०० काड्या (आईस्क्रीमच्या किंवा गूल काढलेल्या आगकाड्या), २० रबरबँड आणि दोन फासे लागतात. प्रत्येकासमोर एक कागद, मधे उभी रेघ, डावीकडे ‘दशक’, उजवीकडे ‘एकक’. फाशांवर जेवढे येतील तेवढ्या काड्या एककात घ्यायच्या. दहा झाल्या की रबर लावून गठ्ठा दशकात. आपली पाळी संपताना मोठ्याने सांगायचं: “तीन गठ्ठे, पाच सुट्या, पस्तीस.” आणि पाटीवर ३५ लिहायचं. लिहिताना डोळे कागदावर असतात, डावीकडे गठ्ठे, उजवीकडे सुट्या. उलटं लिहिलं की मुलाला स्वतःलाच खटकतं. दहा गठ्ठे आधी ज्याचे, तो जिंकला.

बिघडतं कुठे? मूल सुट्या काड्यांचा ढीग करतं, २३-२४ झाल्या तरी बांधत नाही. नियम करा: पाळी संपताना एककात दहा किंवा जास्त काड्या राहिल्या आणि समोरच्याने ते ओळखलं, तर त्यातल्या दोन त्याच्या. दुसरा बिघाड मोठ्यांचा. मुलाची बोटं रबराशी झगडत असतात आणि आपण गठ्ठा बांधून देतो. देऊ नका, तो गठ्ठा बांधणं हाच धडा आहे. बोटं फारच लहान असतील तर रबराऐवजी दहा काड्या मावतील असे कप ठेवा.

आठवडाभर झाला की उलटा डाव: दहा गठ्ठे घेऊन सुरुवात, फाशावर येतील तेवढ्या काड्या परत द्यायच्या. सुट्या चार आहेत आणि द्यायच्यात सात, म्हणजे गठ्ठा सोडावाच लागतो. हातच्याची वजाबाकी ती हीच. वहीत ती येण्याआधी अशी हाताखालून गेलेली असली की वर्गातलं निम्मं ओझं उतरतं.

मुलांच्या हातात पत्ते द्यावेत का? घरातल्या मोठ्यांना ते पटत नाही.

पैसे लावून खेळणं वेगळं आणि पत्ते वेगळे. सावंतवाडीच्या गोल, हाताने रंगवलेल्या गंजिफा आपल्याकडच्याच. दशावतारी गंजिफेत १२० पानं, दर अवताराची १२. मोठ्यांना तो संच दाखवा, बोलणं सोपं होईल.

पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी सर्वांत उपयोगी खेळ ‘दहाची जोडी’. एक्का ते नव्वा एवढीच ३६ पानं घ्या. १२ पानं उघडी मांडा, बाकी गड्डी पालथी. पाळीपाळीने दोन पानं उचलायची, बेरीज १० हवी. रिकाम्या जागी गड्डीतून पानं लावायची. जोडी दिसत नसेल तर एक पान आणखी उघडायचं. ३६ पानांत बरोबर १८ जोड्या होतात, म्हणून शेवटी पान उरलं तर कुठेतरी चूक झालीय हे मुलांना आपोआप कळतं आणि ती आपापल्या जोड्या तपासतात. सुरुवातीला मूल पानावरचे बदाम-चौकट मोजेल. मोजू द्या. दोन-तीन आठवड्यांत ७ दिसले की हात ३ कडे जातो. तेव्हा पानं पालथी मांडून तोच खेळ स्मरणाचा करा, १२ पानांपासून सुरुवात (सहा जोड्या आधीच निवडून).

सात वर्षांपुढे बदाम सात. सगळी पानं वाटायची, बदामाच्या सत्तीने सुरुवात, प्रत्येक रंगात सत्तीपासून वर आणि खाली लावत जायचं. आकड्यांचा क्रम सोपा वाटतो, पण खरी मजा पान अडवून ठेवण्यात आहे: माझी इस्पिकची सत्ती मी आत्ता टाकू की थांबू? दुसऱ्याच्या हातात काय असेल याचा विचार करायला लावणारा एवढा सोपा खेळ दुसरा नाही.

सागरगोटे, लगोरी, लंगडी: यांतून ‘शिकणं’ काय होतं? त्यात पाढे घालावेत का?

पाढे घालू नका. लंगडी घालत दोनचा पाढा म्हटला तर पाढाही नीट होत नाही आणि लंगडीही. लंगडी तोल शिकवते, दम सांभाळायला शिकवते, बाद झाल्यावर रेघेबाहेर जाऊन उभं राहायला शिकवते. एवढं पुष्कळ आहे.

सागरगोट्यांत मात्र गणित मुळातच आहे. पाच गोटे. एक वर उडवायचा आणि तो खाली यायच्या आत जमिनीवरचे उचलायचे. आधी एकेक, मग दोन-दोन, मग तीन आणि एक, मग चारही एकदम. चार या संख्येच्या फोडी मुलीच्या तळहातात होत असतात. त्याहून मोठी गोष्ट डोळ्यांची: नजर वरच्या गोट्यावर आणि बोटं खालचे चाचपत असतात. गोटे टाकतानाच ते किती पसरवायचे याचा अंदाज घ्यावा लागतो. बोटांची ही चपळाई लिहिणाऱ्या हाताच्या कामी येते. सागरगोटे नसतील तर सुपारीएवढे गुळगुळीत खडे चालतील. उंच उडवता येत नसेल तर पहिल्या आठवड्यात एक टप्पा पडणारा रबरी चेंडू उडवायला द्या, वेळ जास्त मिळतो.

लगोरीत सात चपट्या ठिकऱ्या. मोठी खाली, लहान वर, आणि पाठीमागून चेंडू येतोय. घाईत क्रम न चुकवणं हे त्यातलं कसब. चेंडू मऊ घ्या, कमरेखालीच मारायचा.

मूल उतावळं आहे, स्वतःला आवरत नाही. कोणते खेळ?

थांबावं लागणारे. तीन-चार वर्षांना ‘स्टॅच्यू’: गाणं थांबलं की गोठायचं. पाचपासून ‘शिवाजी म्हणतो’. “शिवाजी म्हणतो हात वर” म्हटलं तर वर, नुसतं “हात वर” म्हटलं तर ढिम्म राहायचं. यात चुकणाऱ्याला बाद करू नका. बाद होणारं मूल नेमकं तेच असतं ज्याला सरावाची गरज आहे. चूक झाली की एक पाऊल मागे, एवढंच.

हरलं की रडतं, पट उधळतं. आपण मुद्दाम हरावं का?

मुद्दाम हरू नका. मुलांना ते लवकर कळतं आणि मग खरी जीतही खोटी वाटते. त्याऐवजी उघड सवलत ठेवा: शतकात मोठ्या माणसाची सुरुवात शून्यावर, मुलाची तीन गठ्ठ्यांवर. मूल सलग तीनदा जिंकलं की एक गठ्ठा कमी.

चार-पाच वर्षांच्या मुलाशी आधी सगळे एका बाजूला असलेले खेळ खेळा. शतकच घ्या, पण काड्या सामाईक: दोन फासे १६ वेळा टाकून सगळ्यांनी मिळून १०० करायचे. १६ फेकींत बहुतेकदा जमतं, १५ मध्ये चुरस येते, १४ मध्ये निम्म्याहून अधिक वेळा हार होते. एकेक फेक कमी करत जा. सगळ्यांनी मिळून हरल्यावर मूल क्वचितच पट उधळतं, “परत एकदा” म्हणतं.

आणि घड्याळ बघा. रात्री जेवणाआधी, भुकेल्या मुलाशी हारजितीचा खेळ काढला तर रडारड होणारच.

वर्गात ४० मुलं, शिक्षक एक. हे जमणार कसं?

सगळ्यांना एकदम नियम समजावून सांगायला गेलात तर नाही जमणार. चार मुलांना मधल्या सुट्टीत खेळ शिकवा. तासाला ती चौघं वर्गाच्या मध्ये बसून खेळतात, बाकीची कडेने उभी राहून बघतात, पाच मिनिटं. मग चार-चारचे दहा गट करा आणि या चौघांना फिरते पंच नेमा, त्यांच्या गटाचा डाव उद्या. नियम तीन वाक्यांत फळ्यावर. १५ मिनिटं खेळ, ५ मिनिटं गप्पा: “कुणी काय युक्ती केली?” या पाच मिनिटांत शिक्षकाने उत्तर द्यायचं नाही.

फाशांचा आवाज आणि हरवणं ही मोठी डोकेदुखी. फासा वाटीत झाकून हलवायचा आणि कापडावर उलटायचा. फासेच नसतील तर फोडलेले चिंचोके: सहा अर्धुकं टाका, पांढऱ्या बाजू मोजा. ३ सर्वांत जास्त वेळा येतात, ० आणि ६ फार क्वचित, त्यामुळे ‘सहा आले’ याचा आनंदही मोठा. प्रत्येक गटाच्या डब्याच्या झाकणावर आतल्या वस्तूंची संख्या लिहा, डबा मोजून परत घ्या.

मैदानावर ४० मुलांना एकदम घेणारा खेळ म्हणजे ‘डोंगराला आग लागली, पळा पळा’. गोलात पळायचं, शिक्षक म्हणाले “चार!” की चार-चारचे गट करून बसायचं. समजा हजेरी २३ आहे. पाच गट होतात, तीन मुलं उरतात आणि धावत धावत जागा शोधतात. उरलेल्यांना बाद करू नका, पुढचा आकडा त्यांनी सांगायचा. मग तीच मुलं हिशोब करू लागतात की कोणता आकडा सांगितला तर कुणीच उरणार नाही. २३ ला असा आकडा एकच, सगळ्यांचा मिळून २३ (किंवा प्रत्येकाने एकटं बसायचं). दुसऱ्या दिवशी २४ मुलं आली की खेळ एकदम बदलतो. बाकी आणि विभाजक हे शब्द त्यानंतर फळ्यावर आणा.

अधिकारी भेटीला आले आणि मुलं पत्ते खेळत होती, तर?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने ३ ते ८ वर्षांचा टप्पा पायाभूत स्तर मानला आणि तिथे खेळावर आधारलेलं शिक्षण सांगितलं. त्याचा राष्ट्रीय आराखडा ऑक्टोबर २०२२ मध्ये आला, ‘जादुई पिटारा’ हा खेळ-साहित्याचा सरकारी संच फेब्रुवारी २०२३ मध्ये. फळ्याच्या कोपऱ्यात ‘आजचा खेळ, त्यातलं कौशल्य’ अशा दोन ओळी लिहून ठेवा, बोलणं तिथून सुरू होतं.

महाराष्ट्राला हे नवं नाहीच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम उभं केलं. साहित्य काय, तर पानं, बिया, शिंपले, खडे. मूल शाळेत येत नसेल तर शाळा अंगणात आणि कुरणात न्यायची, ही त्यांचीच रीत.

आम्ही परदेशात राहतो. मुलीला मराठी कळतं, पण ती उत्तर इंग्रजीत देते.

बोलल्याशिवाय चालच करता येणार नाही असा खेळ घ्या. दोघींत एक उघडी फाइल उभी करा. दोन्ही बाजूंना सारख्याच आठ वस्तू: वाटी, चमचा, रुमाल, दोन बटणं, पेन्सिल, डबी, लिंबू. एकीने मांडायचं आणि नुसतं सांगायचं: “रुमालावर वाटी पालथी घाल. लिंबू वाटीच्या मागे. चमचा डबीत, पण दांडा बाहेर.” दुसरीने तसंच मांडायचं, मग फाइल काढून ताडून बघायचं. आत, खाली, पलीकडे, मधोमध, उताणं, पालथं हे शब्द नुसते ऐकून जिभेवर येत नाहीत. पहिले काही दिवस सांगायचं काम आईचं, मग मुलीचं. मधेच इंग्रजी शब्द आला तर टोकू नका. मराठी शब्द आपल्या पुढच्या वाक्यात वापरा, ती उचलते.

मोबाइलवरचे गणिताचे खेळ चालतील?

आवाज बंद करून शेजारी बसा आणि बघा. मूल चुकलं की नुसतं दुसऱ्या पर्यायावर टिचकी मारतंय का? मग ते अंदाज मारायला शिकतंय. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाच्या वर पडदा नको, कमी तितका बरा, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे.

रोज किती वेळ? खेळ कधी बदलायचा?

तीन-चार वर्षांना १० मिनिटं, सहा-सातला २० मिनिटं. मूल अजून खेळायला तयार असतानाच थांबा. रोज नवा खेळ आणू नका. पहिले दोन डाव नियम समजण्यातच जातात, विचार त्यानंतर सुरू होतो. कंटाळा दिसला तर खेळ न बदलता एकच नियम बदला: एक फासा होता, दोन करा.

शिकलं की नाही, हे कसं ओळखायचं?

परीक्षा घेऊ नका, खेळताना बघा. फाशावरचे ठिपके मोजणं कधी थांबलं आणि एका नजरेत ‘पाच’ कधी म्हटलं? सोंगटी न हलवता “मी सापाच्या तोंडी जाणार” असं फासा पडल्याबरोबर सांगितलं का? दुसऱ्याची चूक ओळखली का? वहीत तारीख आणि एक ओळ, एवढीच नोंद. मग दोन आठवड्यांनी तेच कौशल्य खेळाबाहेर विचारा: बाजारातून आणलेल्या दहा लिंबांतली सहा वापरली, उरली किती? इथे मूल अडखळलं तर घाबरू नका. पटावरचं ज्ञान पटाबाहेर यायला वेळ लागतो. तीच लिंबं समोर ठेवून त्याला “दहाची जोडी आठव” म्हणा.

लहान भावंड सगळं तोंडात घालतं. काय काळजी घ्यावी?

तीन वर्षांखालचं मूल घरात असेल तर चिंचोके, बटणं, सागरगोटे, फासे हे सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात, उंचावर. खेळ टेबलावर खेळा, जमिनीवर नको. खेळ संपला की मोजून भरा, आणि एक जरी वस्तू कमी भरली तरी ती सापडेपर्यंत शोधा. धाकट्याला हातात द्यायला त्याच्या मुठीत मावणार नाहीत असे लाकडी ठोकळे किंवा स्टीलच्या वाट्या ठेवा.